मदत हवी आहे: कुत्र्यानं उंदराचं औषध खाल्लं, लवकर सांगा

वडणगेकर, रविवार दु. १:१०
गोट्यानं उंदराचं औषध खाल्लंय. डॉक्टर फोन उचलंना, रविवार हाय. घरात काय द्यायचं तेवढं सांगा. बाकी चर्चा नंतर.

तांबडा_पांढरा
मिठाचं पाणी पाजा दाबून. ओकला की सुटला. आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या हेच.

शाहूपुरीकर
मीठ नको! जास्त गेलं तर रक्तातलं सोडियम वाढून झटके येतात, विषावर आणखी एक विष. वडणगेकर, औषध कुठलं? कधी खाल्लं? वजन किती? ओकला का?

वडणगेकर
उंदराचं म्हटलं की राव. वजन कशाला पायजे?

शाहूपुरीकर
डोस वजनावर ठरतो म्हणून. उंदराची औषधं एकसारखी नसतात. निळी-हिरवी वडी होती की काळी पूड? पाकिटावर घटक लिहिलेला असतो, तो वाचा.

नववी_गल्ली
घाबरू नका, व्हिटॅमिन के-१ आणा. आमच्या लॅब्राडॉरनं निळी वडी खाल्ली होती. दोन दिवस मस्त खेळला, मग हिरड्यांतून रक्त. के-१ च्या गोळ्या महिनाभर चालल्या. आता सोफा खातोय.

गुऱ्हाळवाले
मुळात विष ठेवायचंच कशाला? उसात टी आकाराचे खांब रोवा, रात्री घुबडं बसत्यात, उंदीर आपोआप कमी.

वडणगेकर
घुबड राहू दे ओ! पाकीट फेकलं. भावानं काळी पूड गूळ-पिठात मळून गोळ्या बांधाला ठेवलेल्या. साडेबाराला खाल्ल्या, किती ते म्हाईत नाही. कारवान जातीचा हाय, २२ किलो. आता लाळ गळालीया आणि तोंडाला लसणासारखा वास.

नववी_गल्ली
तरी के-१ देऊन ठेवा.

शाहूपुरीकर
के-१ रक्त पातळ करणाऱ्या विषावर चालतं, इथं त्याचा काही उपयोग नाही. काळी पूड आणि लसणाचा वास म्हणजे झिंक फॉस्फाईड दिसतंय. पोटातल्या आम्लाला लागलं की फॉस्फिन वायू सुटतो. याला उतारा नाही, जे काही करायचं ते दवाखान्यातच. वडणगेकर, दूध, भात, तूप काही देऊ नका, खाल्लं की आम्ल वाढतं. घरी ओकारी काढू नका. त्याच्या तोंडाशी नाक नेऊ नका, तो वायू माणसालाही बाधतो. गाडीच्या काचा खाली करा आणि निघा. फेकलेलं पाकीट कचऱ्यातून काढून सोबत न्या.

तांबडा_पांढरा
दूध पण नको? दुधानं विष मरतं, हे शेंबडं पोरगं सांगंल.

शाहूपुरीकर
मग त्या पोराला विचारा. दुधानं विष मरत नाही.

कसबा_बावडा
१९६२ लावून बघा, पशुसंवर्धनचा टोल फ्री नंबर. गाडी आली नाही तरी कुठं न्यायचं ते विचारता येईल.

मुधोळ_हाउंड
कारवान असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा, या कुत्र्यांच्या अंगात चरबी कमी, भुलीची काही इंजेक्शनं लवकर उतरत नाहीत. जातच वेगळी आहे. मुधोळच्या घोरपडे राजांनी इंग्लंडच्या पंचम जॉर्ज राजाला या कुत्र्यांची जोडी भेट दिलेली.

तांबडा_पांढरा
इथं भूल कोण द्यायलंय?

वडणगेकर, रात्री ९:४०
एक दवाखाना उघडा मिळाला. वाटेत गाडीतच ओकला. पाकीट बघून डॉक्टरांनी आधी सगळ्या खिडक्या उघडायला लावल्या, मग पोट धुतलं. सलाईन चालू हाय. फुप्फुस आणि लिव्हरवर दोन-तीन दिवस लक्ष ठेवायचं म्हणाले. मान उचलतोय, पण उभा राहीना. फोन करणाऱ्यांनी जरा थांबा.

नववी_गल्ली
के-१ दिलं का?

वडणगेकर
नाही ओ.

गुऱ्हाळवाले
बांधावरच्या उरलेल्या गोळ्या उचलल्या का?

वडणगेकर
सापडल्या त्या उचलल्या. पण भावाला किती ठेवलेल्या तेच आठवंना.

गुऱ्हाळवाले
मग उद्या शेळ्या सोडू नका तिकडं. शेजारच्यालाही आजच फोन करा, त्याची म्हस त्याच बांधाला चरती.

मुधोळ_हाउंड
बरा झाला की फोटो टाका. कान कसे आहेत त्याचे?