स्वयंपाक मी करते, पण चव मलाच लागत नाही. असं का होत असेल?

अर्धी_वाटी

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा वेडगळ आहे, पण विचारतेच.

घरात आम्ही चौघं: मी, नवरा, मुलगी आणि सासूबाई. संध्याकाळचा स्वयंपाक माझ्याकडे. तास-दीड तास ओट्याशी जातो. बाकीचे आवडीने जेवतात, मुलगी तर पातेलं खरवडून खाते. मी मात्र चार घास खाऊन उठते. भूक असते, पण तोंडात पुठ्ठा चघळतेय असं वाटतं. गंमत म्हणजे तीच उरलेली भाजी दुसऱ्या दिवशी दुपारी खाल्ली की मनात येतं, अरे, बरी झाली होती की!

बाहेर जेवायला गेलो की साधं टोमॅटोचं सूपसुद्धा मी वाटी पुसून संपवते. नवरा म्हणतो, "तुला आयतं हवं असतं." असेलही. पण आयत्याचीच गोडी असेल तर ऑफिसच्या कँटीनमधलंही आवडायला हवं ना? ते तर घशाखाली उतरत नाही.

नाक, घसा, रक्त सगळं तपासून झालंय, ठीक आहे. त्यामुळे "डॉक्टरांना दाखवा" हा सल्ला कृपया नको.

जाता जाता दुसरा प्रश्न. बाहेर जायचं म्हटलं की सासूबाई "तुम्ही जा, मी घरीच डाळभात खाईन" म्हणतात. आल्या तरी गप्प बसून असतात. त्यांना ऐकायला कमी येतं, कानाला यंत्र आहे. त्यांना मजा येईल असं काही करता येईल का?

---

नाकासमोर

वेडगळ अजिबात नाही. आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा भाग वासाचा असतो. घास चावताना त्याचा वास घशाच्या मागून नाकात चढतो. सर्दी झाली की जेवण बेचव लागतं ते म्हणूनच. आणि एकच वास सतत येत राहिला की नाक आणि मेंदू दोघंही त्याची दखल घेणं कमी करतात. तुम्ही तासभर त्याच वाफेत उभ्या, घरचे थेट ताटावर येऊन बसतात. पदार्थ एकच असला तरी नाकं वेगळी.

दुसरं कारण डोक्यातलं आहे. २०१० साली 'सायन्स' या नियतकालिकात मोरवेज आणि सहकाऱ्यांचे प्रयोग छापून आले होते. काही लोकांना एकामागून एक तीस चॉकलेट गोळ्या खातोय अशी नुसती कल्पना करायला सांगितली, काहींना तीनच. नंतर खऱ्या गोळ्यांची वाटी समोर ठेवली, तर तीसवाल्यांनी कमी खाल्ल्या. तुम्ही सकाळपासून "आज काय करायचं" म्हणत तो पदार्थ मनात किती वेळा शिजवला असेल, बघा. त्यात चमच्या-चमच्याने चाखणं वेगळंच.

उपाय सोपा आहे. गॅस बंद केल्यावर लगेच ताट घेऊ नका. दहा-पंधरा मिनिटं स्वयंपाकघराबाहेर जा. गॅलरीत, अंगणात, कुठेही चालेल. तोंड धुवा, जमलं तर वरचे कपडे बदला, कारण वास कपड्यांतही बसलेला असतो.

---

भटारखान्यातला_माणूस

वरच्यांनी शास्त्र सांगितलं, मी अनुभव सांगतो. काही वर्षं हॉटेलच्या भटारखान्यात काढली आहेत. तिथे आपण केलेला पदार्थ आपणच ताट भरून खाणारा आचारी मला भेटला नाही. पाळी संपली की कोणीतरी दुसऱ्याने केलेलं ब्रेड-आमलेट खायचं आणि घरी जायचं. तेव्हा ताई, तुम्ही आमच्यातल्याच.

आता ते सूप. तिथल्या आचाऱ्याच्या हातात जादू नसते. मीठ सढळ, लोणी सढळ आणि आच घरच्या शेगडीच्या कितीतरी पट. पहिली दोन रोज घरी आणू नका. प्रौढ माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे सपाट भरलेला एक लहान चमचा, तोही सगळ्या दिवसाचा मिळून. हॉटेलच्या एका जेवणात तेवढं सहज पोटात जातं.

आच मात्र घरीही थोडीफार साधता येते. बहुतेक घरांत भाजी कढईत कोंबलेली असते. फ्लॉवर, बटाटा काहीही घ्या, गर्दी झाली की त्याला पाणी सुटतं. ते पाणी आटेपर्यंत कढईतलं तापमान १०० अंशांच्या आसपासच अडकून बसतं. भाजी शिजते, पण भाजली जात नाही. तो तांबूस रंग आणि खरपूस वास साधारण १४० अंशांच्या पुढे जोरात यायला लागतो. लुई कामिय मायार या फ्रेंच माणसाने १९१२ मध्ये या क्रियेबद्दल लिहिलं, म्हणून तिला त्याचंच नाव आहे. तेव्हा पसरट भांडं घ्या, भाजी धुतल्यावर कापडाने टिपा आणि दोन घाण्यांत परता. पहिली दोन मिनिटं उलथनं खाली ठेवा! आपल्याला ढवळत राहायची फार खोड असते.

चाखण्याचंही एक. दर दोन मिनिटांनी चमचा तोंडात घालू नका. जीभ मिठाला सरावते आणि मग हात वाढत जातो. मधे पाण्याचा घोट घ्या आणि शेवटचं चाखणं उकळतं नव्हे, कोमट करून. तरी फिकं वाटलं तर मिठाआधी लिंबाचे चार थेंब पिळून बघा. दहातल्या सात वेळा मीठ कमी नसतंच, आंबट कमी असतं. (हे दहातले सात माझ्या हिशेबाचे, प्रयोगशाळेचे नाहीत.)

---

तिरकस_पळी

एवढं शास्त्र वाचलं, पण एक कळलं नाही. नवरा आणि पातेलं खरवडणारी मुलगी संध्याकाळी तास-दीड तास काय करतात?

---

खिडकीजवळचं_टेबल

सासूबाईंबद्दल लिहिते, कारण माझ्या वडिलांचं अगदी हेच होतं. त्यांना बाहेरचं आवडत नाही असं आम्ही धरून चाललो होतो. खरं तर त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं. कानाचं यंत्र माणसाच्या आवाजाबरोबर ताटवाट्या, खुर्च्या, पंखा, शेजारच्या टेबलावरचं हसणं सगळंच मोठं करतं. त्या कालव्यात दोन तास बसणं म्हणजे शिक्षाच. शिवाय मोठ्या गोंगाटात गोड आणि खारट कमी जाणवतं, असंही काही प्रयोगांत दिसलंय. म्हणजे जेवणही फिकं.

आम्ही गर्दीच्या आधी जायला लागलो, सातच्या ठोक्याला. कोपऱ्यातलं टेबल मागतो आणि बाबांना भिंतीकडे पाठ करून बसवतो, म्हणजे मागून आवाज येत नाही. उजेड आमच्या तोंडावर पडेल असं बघतो. ओठ दिसले की त्यांना अर्धं बोलणं कळतं. गाणी जोरात लावलेली असतील तर कमी करायला सांगते. लाजत नाही, बहुतेक ठिकाणी करतात.

आणि वेटर डोक्यावर उभा असताना "तुम्ही काय घेणार?" असं त्यांना विचारू नका. ऐकू न आलेला माणूस घाबरून "काहीही चालेल" म्हणतो. मेनू आदल्या दिवशी घरीच फोनवर मोठ्या अक्षरात दाखवा, ठरवू द्या. माझे बाबा आता चार दिवस आधीपासून ठरवतात आणि तिथे जाऊन बदलतात.

---

अर्धी_वाटी

सगळ्यांना धन्यवाद. काल गॅस बंद केला आणि गच्चीत जाऊन कपडे काढून आणले, मग जेवायला बसले. सगळी चव परत आली असं म्हणणार नाही, पण दुसऱ्यांदा वाढून घेतलं. नवऱ्याच्या ते लक्षात आलं, मी बोलले नाही.

@भटारखान्यातला_माणूस, फ्लॉवर दोन घाण्यांत केला. कडा तांबूस झाल्या, पण पहिला घाणा दुसरा होईपर्यंत मऊ पडला. तो परत कढईत घालायचा की तसाच ठेवायचा?

@तिरकस_पळी, तुमचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. शनिवारची भाजी मुलगी करणार आहे आणि भात नवरा. मला त्या वेळात स्वयंपाकघरात पाऊल टाकायला बंदी आहे.

सासूबाईंना मेनू दाखवलाय. त्या अजून "बघू" म्हणतायत, पण फोन काही परत दिलेला नाही.

---

भटारखान्यातला_माणूस

ताटात पसरून ठेवायचा, झाकण अजिबात घालायचं नाही. वाफ कोंडली म्हणून मऊ पडला. दुसरा घाणा उतरवताना पहिला अर्धं मिनिट वरून टाका आणि लगेच वाढा. शनिवारी मुलीलाही हेच सांगा. नाहीतर नकोच, तिला तिच्या हिशेबाने करू दे.