पहिली मोठी मॅच आणि परड्यातली केरसुणी

विषय: पहिली लेव्हल टू मॅच, कोणी जाऊन आलंय का?

नमस्कार मंडळी,
पुढच्या महिन्यात यूएसपीएसएची (अमेरिकेतली पळत-पळत पिस्तूल नेमबाजी करणाऱ्यांची संघटना) माझी पहिली मोठी मॅच आहे, लेव्हल टू, म्हणजे क्लबाच्या वरच्या पातळीची. दोन दिवस, १२ स्टेज, म्हणजे टार्गेटं मांडलेले वेगवेगळे टप्पे. आजवर फक्त क्लबात रविवारी पाच-सहा स्टेज केलेत. गट कॅरी ऑप्टिक्स (पिस्तुलावर डॉटची दुर्बीण), गोळी नाइन एमएम. रोज तासभर ड्रॉ (पिस्तूल उपसणं) आणि रिलोड (मॅगझिन बदलणं) घोटतोय. आणखी काय करू? अण्णा बेळगावला गेलेत म्हणे. अण्णा, तिथनं तरी लिहा.

*

विषय: उत्तर: पहिली लेव्हल टू मॅच

होय की रे, इकडेच आहे, खानापूर तालुक्यात. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, म्हणून मुक्काम लांबला. पिस्तूल अर्थातच तिकडे अमेरिकेत कपाटात. इथं नाइन एमएम म्हणजे प्रोहिबिटेड बोअर, सामान्य माणसाला बंदी. तेव्हा माझी तयारी रिकाम्या हातानं चाललीय.

परड्यात खडूनं स्टेज आखतो. टार्गेट म्हणून पाट, कळशा, एक केरसुणी. पहिल्या दिवशी आई दारातनं ओरडली, "काय करायलास रे? लक्ष्मीवर नेम धरतोस?" केरसुणी गेली, तिथं सूप आलं.

शेजारी मराठा लाइट इन्फंट्रीतले निवृत्त सुभेदार राहतात. दोन दिवस गंमत बघितली, मग म्हणाले, "आता डोळे मिटून सांग, कुठं उभा राहून काय काय मारतोस." मी सातव्या टार्गेटला अडकलो. मोठ्या मॅचला माणूस इथंच मार खातो बघ. ड्रॉ सेकंदाच्या दहाव्या हिश्शानं सुधारून काय मिळणार?

माझंच सांगतो. गेल्या वर्षी ३२ राउंडची स्टेज होती, म्हणजे दोन-दोन गोळ्यांची १६ टार्गेट, जास्तीत जास्त १६० गुण. ड्रमामागचं एक साफ विसरलो. त्याचे १० गेले, दोन मिसचे २०, टार्गेटवर गोळीच झाडली नाही म्हणून आणखी १०. एरवी, काही गोळ्या मधोमध लागल्या नाहीत हे धरून, १५० गुण २५ सेकंदांत आले असते तर हिट फॅक्टर (गुण भागिले सेकंद) ६. माझे झाले ११०, वेळ २४ सेकंद, म्हणजे ४.५८. एक सेकंद वाचला त्याचं कौतुक कुणाला!

वॉकथ्रूला, म्हणजे स्टेज आधी चालून बघायला, पाचेक मिनिटं मिळतात, त्यात तुझ्यासारखेच दहा जण हवेत हात करत फिरत असतात. तेव्हा आदल्या दिवशीच जाऊन स्टेज बघ. रिलोड कुठल्या पावलावर, हेही तेव्हाच ठरव.

आणि क्रोनो, गोळीचा वेग मोजायचं यंत्र! क्लबात कुणी विचारत नाही, तिथं तुझेच राउंड काढून वेग मोजतात. गोळीचं वजन ग्रेनमध्ये गुणिले फूट दर सेकंद, भागिले १०००: १२५च्या खाली गेलास तर मॅच खेळ खुशाल, गुण मात्र नाहीत. १४७ ग्रेनला ८४५चा वेग आला तर १२४.२, संपलंच. थंडीत काही पावडरी मंदावतात. काठावर लोड करू नकोस.

विमानानं जाणार असशील तर बहुतेक एअरलाइन ५ किलोच दारूगोळा घेतात. साडेतीनशे राउंड त्याच्या आसपास भरतात. घरीच काट्यावर घाल.
अण्णा

*

विषय: उत्तर: उत्तर: पहिली लेव्हल टू मॅच

अण्णा, काल क्रोनो लावला. सरासरी ८७५, म्हणजे १२८.६. शनिवारी पहाटेच्या गारठ्यात पुन्हा लावतो. काकूंना नमस्कार, गुडघा कसा आहे?

*

विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: पहिली लेव्हल टू मॅच

आई काठी घेऊन परड्यापर्यंत येते आता. परवा माझ्या रेघा पुसून तिथं रांगोळी घातली. सुभेदार विचारायलेत, पोरगं डोळे मिटून सांगतंय का?