मॉनिटरिंगला वेगळा सर्व्हर पाहिजेच का? का वेंडरची चैन?

केळीवाला_जळगाव:
आमची छोटी डेटा रूम आहे, ४ रॅक, ६० सर्व्हर. पंखे, पॉवर सप्लाय, तापमान, डिस्क, रेड (अनेक डिस्क जोडून केलेली साठवण), एवढं बघायला झॅबिक्स हे मॉनिटरिंगचं सॉफ्टवेअर टाकायचंय. वेंडरनं कोटेशन दिलं त्यात मॉनिटरिंगला स्वतंत्र सर्व्हर, १२८ जीबी रॅम! भरीत खायला चांदीचं ताट. मी स्वतः हिशोब केला. सर्व्हरमागे ४० सेन्सर धरा, म्हणजे २४००, मिनिटाला एकदा वाचले तर सेकंदाला ४० व्हॅल्यू, दिवसाला साडेचौतीस लाख नोंदी, नोंदीला ९० बाइट धरले तर ३११ एमबी, महिनाभर ठेवलं तरी १० जीबीच्या आत. ४ कोर ८ जीबीच्या व्हीएमवर (व्हर्च्युअल मशीनवर) निघतं की. आमचा क्लस्टर, म्हणजे व्हीएम चालवणारे जोडलेले सर्व्हर, आहेच, त्यातच टाकतो आणि वाचन ५ मिनिटाला करतो, अजून हलकं. चुकतंय का काही?

दीपनगर_लाईट:
हिशोब एकदम बरोबर भो, पण ज्या फांदीवर बसला तीच तोडून राह्यला तू. क्लस्टर पडला की मॉनिटर पण पडला, मग बोंब कोण मारणार?
आणि ते ५ मिनिट तर विसरूनच जा. भुसावळचं मे महिन्याचं ऊन तुला काय सांगायचं, रात्री २ वाजता पण भिंती गरम. लाईट गेली, जनरेटर लागला, सर्व्हर यूपीएसवर मस्त चालू, पण एसीचा कॉन्टॅक्टर (एसीला लाईट देणारा स्विच) काही परत ओढला नाही. आमचं पोलिंग, म्हणजे सेन्सर वाचणं, ५ मिनिटाचं, वरून सलग ३ वेळा जास्त दिसलं तरच अलर्ट, हा आमचाच शहाणपणा. मेसेज आला तोवर इनलेट, म्हणजे सर्व्हरात शिरणारी हवा, २४ अंशांवरून ४१. ॲश्रे या एसी-कूलिंगवाल्या इंजिनियर लोकांच्या संस्थेची शिफारस १८ ते २७ ची आहे. दार उघडलं तर पंखे असे बोंबलत होते की वॉचमन म्हणे साहेब पिठाची गिरणी टाकली का.

केळीवाला_जळगाव:
मग १० सेकंदाला वाचू? मिनिटाच्या हिशोबाच्या सहापट डेटा, महिन्याला ५६ जीबी, त्याला पण काही मरण नाही.

रॅकवाला_धुळे:
नको रे बाबा. डेटाबेस झेलेल, बीएमसी (सर्व्हरमधली देखरेखीची वेगळी चिप) नाही झेलणार. डेलचं आयड्रॅक काय नि एचपीचं आयएलओ काय, आत बारकासा प्रोसेसर असतो, आयपीएमआयवर (बीएमसीला विचारायची पद्धत) ४० सेन्सर सारखे विचारत बसलं की तो गारठतो आणि मग रिमोट कन्सोल पण उघडत नाही, ऐन गरजेच्या वेळी. इनलेटचं तापमान ३० सेकंदाला, पंखे २-३ मिनिटाला, डिस्कचं स्मार्ट (तिच्या तब्येतीची माहिती) तासाला, फर्मवेअर नि सिरीयल नंबर दिवसातून एकदा. सगळं एका वेगानं वाचायचं हा आळशीपणा आहे. एसएनएमपी ट्रॅप, म्हणजे बिघाड झाला की यंत्रानं स्वतःहून पाठवायचा निरोप, लावा, पण त्याच्यावर विसंबू नका, यूडीपी आहे, पोच मिळत नाही, रस्त्यात हरवला तर कुणी विचारत नाही.
वेंडरला मात्र मी पूर्ण येडा नाही म्हणणार. तुम्ही सरासरी मोजून राह्यले, खरी परीक्षा विजेचा एक फीड (दोनपैकी एक लाईन) गेला तेव्हा असते. ६० सर्व्हर, प्रत्येकाचा एक पॉवर सप्लाय मेला, एका मिनिटात ६० अलर्ट, त्यात पंखे वाढल्याचे वेगळे. त्या गर्दीत खरा बिघाड कुठं दिसतोय? आधी यूपीएसवर डिपेंडन्सी लावा, म्हणजे यूपीएसचा अलर्ट आला की त्याच्यामुळं आलेले बाकीचे दबून राहतील, मग रॅमचं बोला.

दीपनगर_लाईट:
डिपेंडन्सी मान्य. पण वेगळी मशीन पाहिजे म्हणजे पाहिजे.

केळीवाला_जळगाव:
वेगळी मशीन मान्य, १२८ जीबी अमान्य. ऑफिसात एक जुना डेस्कटॉप पडलाय, आय फाईव्ह, १६ जीबी. नवीन एसएसडी टाकून दुसऱ्या खोलीत, वेगळ्या यूपीएसवर ठेवतो. साहेबांना पण पटेल, फुकट म्हटलं की त्यांना सगळं पटतं.

रॅकवाला_धुळे:
चालेल, फक्त त्या डेस्कटॉपवर कोण नजर ठेवणार ते पण ठरव. क्लस्टरमधल्या एका व्हीएमनं त्याला दर मिनिटाला पिंग करायचं, उत्तर नाही आलं की ओरडायचं. आणि मेसेज नेटवरून पाठवू नको, लाईट गेली की आधी स्विच जातो. जीएसएम मोडेम लाव, सिमकार्डवरून एसएमएस जाईल.

केळीवाला_जळगाव:
इथंच गाडी अडून राह्यली ना, आमची रूम तळघरात आणि रेंजचा एक दांडा पण नाही. अँटेनाची वायर जिन्यातून वर काढलीय का कुणी? किती मीटरपर्यंत सिग्नल टिकतो?

दीपनगर_लाईट:
वायर कशाला ओढतो, डेस्कटॉपच वरच्या मजल्यावर ठेव, खाली लॅनची केबल सोड, १०० मीटरपर्यंत चालते. फक्त पत्र्याखालची खोली नको, नाहीतर पहिला अलर्ट त्याचाच येईल.