आखाड्यासाठी घरीच सौर बॅटरीची पेटी: जुने लॅपटॉपचे सेल चालतील का?

सेलूकर
नमस्कार. आमचे शेत परभणी जिल्ह्यात सेलूजवळ आहे. कृषिपंपाची वीज पाळीने आणि बऱ्याचदा रात्री येत असल्यामुळे आखाड्यावर (शेतातील निवाऱ्यावर) मुक्काम करावा लागतो, परंतु तेथे दिव्यापंख्यासाठी वेगळी जोडणी नाही. 12 व्होल्टवर चालणारा 30 वॅटचा बीएलडीसी (ब्रशविरहित मोटारीचा, कमी वीज खाणारा) पंखा रात्रभर, 9 वॅटचे दोन दिवे पाच तास आणि दोन मोबाइल एवढा भार आहे. पत्र्यावर 150 वॅटचे पॅनल बसवले आहे. मुक्काम नसेल त्या संध्याकाळी चोरीच्या भीतीने पेटी मोटारसायकलवरून घरी न्यावी लागेल. जुन्या लॅपटॉपचे सेल स्वस्तात मिळत आहेत. ते वापरावेत की नवे लिथियम आयर्न फॉस्फेट सेल घ्यावेत?

लातूरचा वायरमन
दादा, नवे फॉस्फेट सेलच घ्यावेत. लॅपटॉपचे तीन सेल एकसरीत जोडल्यास पूर्ण चार्ज असताना 12.6 व्होल्ट मिळतात, पण उतरत उतरत ते 9 व्होल्टपर्यंत येतात. चार जोडल्यास 16.8 व्होल्ट होतात आणि 12 व्होल्टच्या पंख्याला ते झेपतीलच असे नाही. शिवाय त्यातील कोणता सेल किती थकलेला आहे हे बाहेरून दिसत नाही, आणि आखाड्याशेजारी कडब्याची गंजी असताना ही जोखीम कशासाठी घ्यायची? फॉस्फेटचे रसायन उष्णता पुष्कळ अधिक सोसते.

आपला भार पंख्याचे दहा तास धरून 300, दिव्यांचे 90 आणि मोबाइलचे 30, असा सुमारे 420 वॅट-तास होतो. 3.2 व्होल्ट, 50 अँपिअर-तासांचे चार सेल एकसरीत जोडल्यास 12.8 व्होल्ट आणि 640 वॅट-तास मिळतात. त्यातील ऐंशी टक्केच वापरायचे ठरवले तरी रात्र निघते. बीएमएस (सेलना जादा चार्ज-डिस्चार्जपासून वाचवणारे सर्किट) 30 अँपिअरचा पुरे. धन टोकाच्या अगदी जवळ फ्यूज मात्र हवाच, कारण एवढ्या सेलमधून शॉर्टसर्किटच्या क्षणी शेकडो अँपिअर वाहतात. मोटारसायकलवर बांधावरच्या धक्क्यांनी सेल जोडणाऱ्या पट्ट्यांचे नट सैल होतात, म्हणून सेल पेटीत घट्ट आवळून बसवावेत.

धाराशिवकर
वरील हिशेब बरोबर आहे, पण आपल्याकडे खरी अडचण मे महिन्यातील उन्हाची आहे. पॅनलवर 18 व्होल्ट लिहिलेले असतात ते 25 अंशांचे. पत्र्यावर पॅनल 65 अंशांच्या पुढे तापले की तेच व्होल्टेज साडेपंधराच्या आसपास येते. त्यात पॅनलपासून पेटीपर्यंत पंधरा मीटर अंतर असेल आणि वायर दीड चौरस मिलिमीटरची असेल, तर जाण्यायेण्याच्या तीस मीटरमध्ये 8 अँपिअरला आणखी तीन व्होल्ट गळतात. पेटीशी साडेबाराच उरले, तर जी बॅटरी पूर्ण भरायला 14 व्होल्टच्या वर लागतात ती भरणार कशी? मग लोक सेल खराब निघाले म्हणून दुकानदाराशी भांडतात. तांब्याची किमान 4 चौरस मिलिमीटरची वायर घ्यावी आणि पेटी पॅनलच्या जितकी जवळ ठेवता येईल तितकी ठेवावी, पण पत्र्याखाली नव्हे. झाडाच्या सावलीत किंवा मातीच्या भिंतीच्या गार बाजूला ठेवावी, कारण तापलेल्या सेलचे आयुष्य झपाट्याने घटते.

सेलूकर
आभारी आहे. पॅनलवरून होणारे बॅटरीचे चार्जिंग सांभाळणारा कंट्रोलर आखाड्याच्या भिंतीवर बसवावा की पेटीत?

लातूरचा वायरमन
पेटीतच बसवावा. कंट्रोलरला आधी बॅटरी आणि नंतर पॅनल जोडायचे, तर काढताना आधी पॅनल सोडवायचे असते. भिंतीवर बसवल्यास हा क्रम घाईत कधीतरी चुकणारच. पेटीत बॅटरी कायम जोडलेली राहील आणि फक्त पॅनलचा प्लग काढावा लागेल, तोही पॅनलकडील एमसीबी (जादा प्रवाहाला आपोआप पडणारा स्विच) पाडल्यावर. हा एमसीबी डीसीचाच मागून घ्यावा. घरातील एसीचा एमसीबी डीसीची ठिणगी विझवेलच असे नाही. कंट्रोलरवर लिथियम फॉस्फेटची सेटिंग निवडावी किंवा चार्जिंग 14.2 ते 14.4 व्होल्टला थांबवावे आणि इक्वलायझेशन (शिसे-आम्ल बॅटरीसाठी असलेले जादा व्होल्टेजचे चार्जिंग) बंद ठेवावे.