चर्चच्या बाजूने लढणाऱ्या चेटकिणी खरंच होत्या का?

कडबागंजी (सोलापूर):
काल भाच्याने एक रील पाठवलं, त्यात एक जण छातीठोकपणे सांगतोय की युरोपात चेटकिणींची गुप्त संघटना होती, ती येशूसाठी लढायची आणि व्हॅटिकनने म्हणे ती पोसली होती. मला आजवर एवढंच माहीत की तिकडे चेटकीण म्हटलं की जाळून मोकळे व्हायचे, मग ह्या देवभोळ्या चेटकिणी कुठून उगवल्या? भाचा हे शाळेच्या प्रोजेक्टमध्ये टाकतो म्हणतोय म्हणून विचारतेय, नाहीतर सोडून दिलं असतं.

जुनी_वही:
व्हॅटिकनने पोसलेली वगैरे साफ खोटं, उलट चर्चनेच त्यांच्यावर खटले चालवले. पण रीलवाल्याने पूर्ण हवेतून काढलेलं नाहीये. इटलीच्या ईशान्येला फ्रिउली म्हणून भाग आहे, तिथे सोळाव्या-सतराव्या शतकात काही लोक स्वतःला बेनान्दान्ती म्हणवायचे, म्हणजे साधारण 'भल्या वाटेने जाणारे'. लढणारे बहुतेक पुरुष, साधे शेतकरी वगैरे. जन्मताना ज्याच्या डोक्यावर पातळ पडदा चिकटलेला निघाला तो यांच्यातला, आणि तो पडदा टाकायचा नाही, जपायचा, कोणी तर गळ्यात बांधून फिरायचं. वर्षातून चार वेळा गुरुवारी रात्री अंग अंथरुणात आणि जीव बाहेर, असे हे चेटक्यांशी लढायला जायचे. यांच्या हातात बडीशेपेचे दांडे, समोरच्यांच्या हातात ज्वारीची ताटं. हे जिंकले तर पीक भरघोस, हरले तर दुष्काळ.

कडबागंजी:
ज्वारीची ताटं?? अहो आमच्या गोठ्यामागे अख्खी गंजी लागलीय, म्हणजे आम्ही शत्रूपक्षात!

जुनी_वही:
हाहा, हो. आता प्रकरण बाहेर कसं आलं ते ऐका. 1575 साली ब्राझ्झानो गावात एका गिरणीवाल्याचं पोर आजारी पडलं. शेजारच्या गावातला पाओलो गास्पारुत्तो म्हणाला याच्यावर करणी झालीय. तिथल्या पाद्र्याने खोदून विचारलं तर याने रात्रीच्या लढायांचं सगळं सांगून टाकलं, वर पाद्र्यालाच म्हणाला, तुम्हीपण चला! पाद्री थेट चिविदालेला वरिष्ठांकडे. मग पाच वर्षं प्रकरण तसंच पडून राहिलं आणि 1580 मध्ये नवीन इन्क्विझिटरने, म्हणजे धर्मद्रोहाची चौकशी करणाऱ्या चर्चच्या न्यायाधीशाने, गास्पारुत्तोला बोलावलं, सोबत बात्तिस्ता मोदुको म्हणून एकाला, हा चिविदालेत दवंडी पिटायचा. मोदुकोने बिनधास्त सांगितलं की आम्ही ख्रिस्ताच्या चाकरीत आणि ते चेटके सैतानाच्या. गास्पारुत्तो म्हणाला मला सोन्यासारखा देवदूत बोलवायला येतो, वेदीवर असतो ना तसाच. झालं, तिथेच अडकला. तो देवदूत नव्हेच, सैतान होता, असं त्याला इतक्यांदा ऐकवलं की शेवटी तोही हो म्हणाला. 1581 मध्ये दोघांना सहा महिने कैद ठोठावली आणि तीही माफ केली, जाळलंबिळलं कोणाला नाही.

वसईवाला:
ते चार वेळा म्हणजे चर्चचे तीन-तीन दिवसांचे जुने उपास, एम्बर डेज. डिसेंबरात संत लुसीच्या सणानंतर, मग लेंटच्या (ईस्टरआधीच्या उपासकाळाच्या) पहिल्या आठवड्यात, पेंटेकॉस्टच्या (ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या सणाच्या) आठवड्यात आणि सप्टेंबरात होली क्रॉसच्या सणानंतर. शेतीच्या हंगामांशी जोडलेले, त्यामुळे पिकाची लढाई नेमकी तेव्हाच का ते कळतं. आमच्याकडे आगेऱ्याला, म्हणजे सुगीच्या सणाला, नव्या भाताच्या लोंब्या आशीर्वादाला चर्चमध्ये नेतात, म्हणून मला यात काही फार विचित्र वाटलं नाही. आणि प्लीज आता कोणी गोव्याचं इन्क्विझिशन मध्ये आणू नका, ते 1560 पासूनचं, पोर्तुगीज राजाचं, हे रोमचं, दोन्ही वेगळी खाती.

तर्कट:
पण मग 'गुप्त संघटना' कुठे आली यात? हे लोक खरोखर कुठे जमले होते का? झोपेत जमले म्हणता.

जुनी_वही:
तोच तर मुद्दा आहे, संघटना म्हणावी असं काही हाती लागत नाही. ना मठ, ना शपथपत्र. गुप्त एवढंच की नावं फोडली तर मार बसतो असं ते सांगायचे. कार्लो गिंझबर्ग या इतिहासकाराने फ्रिउलीतल्या उदीने शहरातल्या चर्चच्या दफ्तरातले जबाब वाचले म्हणून हे आपल्याला माहीत तरी आहे. मला त्यातलं सगळ्यात भयंकर वाटतं ते पुढचं. दोन-तीन पिढ्या तेच तेच प्रश्न विचारले गेले आणि 1640 च्या सुमाराला बेनान्दान्ती स्वतःच कबूल करायला लागले की हो, आम्ही सैतानाच्या मेळ्याला जातो. म्हणजे चेटकं करणाऱ्यांशी लढणारेच शेवटी चेटके ठरले, तेही स्वतःच्या तोंडाने.
असाच एक थीस म्हणून म्हातारा होता, लिव्होनियात, म्हणजे आजच्या लाटव्हियाकडे. 1692 ला ऐंशीच्या पुढचा. कोर्टात म्हणाला मी लांडगा होतो, पण आम्ही देवाचे कुत्रे, चेटक्यांनी पळवलेलं धान्य नरकातून परत आणतो. न्यायाधीशांनी लाख समजावलं, गडी हलला नाही. फटके खाल्ले पण सैतानाचा माणूस म्हणवून घेतलं नाही.

कडबागंजी:
भाच्याला वाचून दाखवलं. आता त्याला थीसच पाहिजे, कारण लांडगा.

वसईवाला:
त्याला हेही सांगा की जीव बाहेर असताना बेनान्दान्तीचं अंग कोणी पालथं केलं तर जीवाला परत शिरता येत नाही, असं ते मानायचे.

कडबागंजी:
अय्या! आमची आजी झोपलेल्या पोराच्या तोंडाला काजळाच्या मिशा काढू द्यायची नाही. म्हणायची, जीव फिरून आला की ओळखणार नाही गं त्याला. एकदा मी भावाला काढल्या होत्या तर मध्यरात्री कंदील घेऊन उठून तिने त्याचं तोंड ओल्या पदराने पुसलं होतं.