मृत्युपत्रात मुलीचे नाव नाही; जुन्या वावरात हक्क उरतो का?

प्रश्न:
आमचे मूळ गाव यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यात आहे. बाबांच्या नावे १० एकर जुने वावर आणि त्यांनी १९९१ मध्ये स्वतः विकत घेतलेले ३ एकर अशी जमीन होती. २०२४ च्या पोळ्यानंतर बाबा वारले. तेरवी आटोपल्यावर मोठ्या भावाने २०२२ चे नोंदणीकृत मृत्युपत्र काढले. त्यात सगळी जमीन एकट्या त्याला दिलेली असून आई, धाकटा भाऊ आणि मी यांचा उल्लेखही नाही. बाबांना २०२१ मध्ये अर्धांगवायू झाला होता. सोसायटीच्या पीककर्जाच्या कागदावर ते नेहमी सही करीत, मृत्युपत्रावर मात्र अंगठा आहे आणि दोन साक्षीदारांपैकी एक मोठ्या भावाचा मेहुणा आहे. माझे लग्न १९९८ मध्ये झाले आणि त्या खर्चातच माझा हिस्सा फिटला, असे भाऊ म्हणतो. गेल्या आठवड्यात फेरफाराची (जमिनीच्या नोंदीत नाव बदलण्याची) नमुना ९ ची नोटीस आली आहे. मी काय करावे?

उत्तर (निवृत्त पटवारी, वाशीम जिल्हा):
ताई, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत लेखी हरकत द्या आणि तिची पोच घ्या. चावडीवर तोंडी सांगितलेल्या हरकतीची नोंद बहुधा राहत नाही. लेखी हरकत आली की प्रकरण विवादग्रस्त म्हणून नमुना ६-अ या नोंदवहीत चढते आणि सुनावणी लागते. मात्र फेरफार ही महसुलाची नोंद आहे, मालकीचा निकाल नव्हे. फेरफारासाठी उपविभागीय अधिकाऱ्यांपर्यंत वर्षानुवर्षे हेलपाटे घालणारी आणि दिवाणी दावा मात्र न लावणारी माणसे मी नोकरीत फार पाहिली. आणखी एक, कोणी मुद्रांकावर संमती लिहून मागितली तर सही करू नका. खरे हक्कसोडपत्र नोंदणीकृतच लागते, पण साधा कागदही पुढे तुमच्याविरुद्ध दाखवला जातो.

उत्तर (वकील, वर्धा):
लग्नाच्या खर्चाने वारसाहक्क फिटत नाही, आणि विवाहित असल्यानेही काही बिघडत नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील ९ सप्टेंबर २००५ पासूनच्या दुरुस्तीने मुलगी जन्मतः सहदायाद (वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकीच हिस्सेदार) ठरते, आणि त्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले आहे. तुमचे वडील तर हयातच होते.

परंतु खरा प्रश्न वेगळाच आहे. गावात आजोबांकडून आलेल्या प्रत्येक जमिनीला आपण वडिलोपार्जित म्हणतो, कायदा तसे म्हणत नाही. हा कायदा लागू झाल्यावर, म्हणजे १७ जून १९५६ नंतर वारलेल्या आजोबांची स्वतःची मिळकत वारसाने वडिलांकडे आली असेल, तर ती वडिलांच्या हाती स्वतंत्र मिळकत ठरते (सर्वोच्च न्यायालयाचा १९८६ चा चंदर सेन निकाल), आणि ती ते कोणालाही मृत्युपत्राने देऊ शकतात. म्हणून आधी १९५४-५५ चा अधिकार अभिलेख (जमिनीवरील हक्कांची जुनी नोंद) आणि आजोबांच्या मृत्यूनंतरचा फेरफार काढा. त्याशिवाय दिलेला सल्ला हवेतला ठरेल.

उत्तर (शेतकरी, दिग्रस):
मीही मोठा भाऊच आहे, म्हणून एवढेच सांगतो की वावरावर पीककर्ज असेल तर त्याचाही हिशेब वाटणीत यायला हवा. वर्षानुवर्षे वावर कसणाऱ्याच्या अंगावर ते एकट्याने राहू नये.

प्रश्नकर्ती:
दादा, तुमचे म्हणणे मान्य आहे. तहसीलच्या अभिलेख कक्षातून नक्कल मिळाली. आजोबा १९५३ मध्ये वारले आणि आजी त्याआधीच गेली होती. त्यांना बाबांखेरीज दुसरे अपत्य नव्हते. फेरफारात बाबांचे नाव ‘अज्ञान (म्हणजे वयाने लहान), पालनकर्ता मामा’ असे लागलेले आहे.

उत्तर (वकील, वर्धा):
मग तुमची बाजू भक्कम आहे. आजोबा १९५६ पूर्वी वारले असल्याने ते १० एकर वडिलांच्या हाती वडिलोपार्जितच होते. वडिलांच्या मृत्यूच्या लगेच आधी वाटणी झाली असे कायद्याने धरले जाते, आणि आपल्याकडे अशा वाटणीत पत्नीलाही हिस्सा मिळतो. तेव्हा वडील, आई, दोन भाऊ आणि तुम्ही असे पाच हिस्से, प्रत्येकी २ एकर. मृत्युपत्र चालेल ते फक्त वडिलांच्या २ एकरांवर आणि विकत घेतलेल्या ३ एकरांवर. तुमचे २ एकर मृत्युपत्र खरे ठरले तरी जात नाहीत.

मृत्युपत्र टिकले नाही, तर त्या ५ एकरांत आईसह चौघांना प्रत्येकी सव्वा एकर, म्हणजे तुमचे एकूण ३ एकर १० गुंठे होतात. अंगठ्यामुळे मृत्युपत्र आपोआप रद्द होत नाही, नोंदणीमुळे खरेही ठरत नाही. साक्षीदारांपैकी किमान एकाला न्यायालयात उभे करून, संशयास्पद परिस्थितीचे निरसन करण्याची जबाबदारी मोठ्या भावावर आहे. सहीच्या जुन्या कागदांसाठी सोसायटीकडे आणि उपचाराच्या नोंदींसाठी रुग्णालयाकडे आजच अर्ज करा, कारण असे कागद फार वर्षे जपले जात नाहीत.

वाटणीच्या दाव्यात आईला आणि दोन्ही भावांना पक्षकार करा, आणि त्यासोबतच विक्रीवर तात्पुरत्या मनाईचा अर्ज द्या. वकिलाच्या फीची अडचण असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. स्त्रियांना तेथे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. हरकतीच्या मात्र १५ दिवसांतले किती उरले, ते आधी मोजा.