घरात एकाला कावीळ झालीय, बाकीच्यांना लागेल का?

पेठेतली_सून
आम्ही कोल्हापुरात शिवाजी पेठेत राहतो, एकत्र कुटुंब. धाकट्या भाऊजींना कावीळ झालीय. डोळे पिवळे, लघवी गडद, अन्न बघितलं तरी मळमळतं. सासूबाईंनी त्यांचं ताट-तांब्या वेगळं केलंय, पोरांना खोलीत जायला बंदी. जाऊबाईंना सातवा महिना चाललाय आणि त्यांचं सगळं त्याच करतात. शेजारच्या काकू म्हणतात, शिवलं तरी होते. कुणी म्हणतं माळ घाला, उतरेल. उसाचा रस तर रोज कुणी ना कुणी आणून देतंय. खरं काय धरायचं?

लॅबवाली_राजारामपुरी
ताई, सगळ्यात आधी जाऊबाई. उद्या सकाळीच त्यांना त्यांच्या बाळंतपणाच्या डॉक्टरांकडे न्या आणि घरात कावीळ आहे हे स्वतःहून सांगा. 'ई' प्रकारची कावीळ गरोदरपणात, त्यातही शेवटच्या तीन महिन्यांत, जिवावर बेतते. भाऊजींची सेवा दुसऱ्या कुणीतरी करावी, विशेषतः संडास-बाथरूम धुणं.

आता शिवाशिवीचं. मी लॅबमध्ये काम करते, काविळीचे नमुने रोज हातात असतात. कावीळ हे लक्षण आहे. पित्ताच्या खड्यानं होते, दारूनं होते, नवजात बाळालाही होते. त्यातली कुठलीच लागत नाही. लागते ती विषाणूची. 'बी' आणि 'सी' रक्तातून जातात, म्हणजे सुई, वस्तरा. 'बी' शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळालाही. जवळ बसल्यानं, एकत्र जेवल्यानं जात नाहीत. 'ए' आणि 'ई' मात्र विष्ठेतून बाहेर पडतात आणि पाण्यातून, अन्नातून, न धुतलेल्या हातांतून तोंडात जातात. कुठली आहे ते रक्ततपासणीत कळतं, डॉक्टरांना नक्की विचारा.

ताट वेगळं केलंत, हरकत नाही, पण खरी काळजी संडासाची आणि हातांची. संडासाहून आल्यावर, स्वयंपाकाआधी, जेवणाआधी साबणानं हात चोळून धुवा, नुसतं सॅनिटायझर पुरत नाही. माठात तांब्या बुडवू नका, लांब दांड्याचं ओगराळं ठेवा. पाणी खळखळून उकळलं की मिनिटभर तसंच राहू द्या, मग झाकून गार करा. कोमट केलेल्या पाण्याचा उपयोग नाही.

आणि पोरांना आता दाराबाहेर थांबवून फारसं साधत नाही, कारण 'ए'चे विषाणू डोळे पिवळे व्हायच्या आधीच्या दोन आठवड्यांत सगळ्यात जास्त पडतात. लागण झाली असेल तर लक्षणं दिसायला महिनाही जाईल. तोवर ताप, मळमळ, गडद लघवी यांवर लक्ष ठेवा. 'ए'ची लस मिळते, लागणीनंतर लवकर दिली तरी उपयोग होतो, म्हणून पोरांसाठी याच आठवड्यात विचारा.

माळेबद्दल स्पष्टच लिहिते. 'ए', 'ई' बहुतेकांची आपोआप बरी होते, श्रेय माळेला जातं. पण पेशंट बरळायला लागला, सारखी झोप येऊ लागली, उलट्या थांबेनात किंवा रक्त पडलं, तर तासभरही थांबू नका, थेट सीपीआर या सरकारी दवाखान्यात किंवा जवळच्या मोठ्या दवाखान्यात. झाडपाल्याचं औषध आणि मनानं घेतलेल्या गोळ्या दोन्ही बंद, सुजलेल्या लिव्हरला ते झेपत नाही.

यंत्रमाग_इचलकरंजी
२०१२ ला आमच्या गावात 'ई'ची साथ आली होती. सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळलं होतं, माणसं गेली. तेव्हापासून मी घरात एक बघतो. नळ आला की पहिलं पाणी सोडून द्यायचं, वास किंवा गढूळपणा असेल तर भरायचं नाही. तुमच्या गल्लीत आणखी कुणाला झालीय का ते विचारा. दोन-तीन घरं निघाली तर दोष पाइपलाइनचा, लगेच महापालिकेला लेखी कळवा. नळाला थेट मोटर लावणाऱ्यांनाही सांगा, पाइप फुटका असेल तर गटाराचं पाणी आत ओढलं जातं. गाड्यावरचा रसही बंद करा. ऊस चांगला असेल, पण बर्फ कुठल्या पाण्याचा आणि ग्लास कशात विसळला, कोण सांगणार?

पेठेतली_सून
गल्लीत आणखी दोघांना झालीय, आत्ताच विचारून आले. जाऊबाईंची उद्याची वेळ घेतली. एक राहिलं, भाऊजींची रंकाळ्यावर भेळेची गाडी आहे. थोडं बरं वाटलं की जातो म्हणतात.

लॅबवाली_राजारामपुरी
अजिबात नको. 'ए' असली तरी डोळे पिवळे झाल्यापासून किमान आठवडाभर अन्नाला हात लावायचा नाही, 'ई'मध्ये विषाणू त्याहून जास्त दिवस पडू शकतात. डॉक्टर जा म्हणेपर्यंत गाडी दुसऱ्या कुणाकडे द्या, आणि चिंच-पुदिन्याच्या पाण्यालाही उकळलेलंच पाणी वापरायला सांगा. गल्लीत तिघं आहेत म्हणता, तर महापालिकेचा अर्ज उद्यावर टाकू नका.